खाडा : बाईचं आरोग्य आणि राष्ट्राची श्रीमंती

(अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)

मागे उभ्या असलेल्या आयाबहिणींनी कृपा करून पुढे यावं. पुढच्या सतरंज्या मोकळ्या आहेत आणि आजचा विषय तुमचाच आहे. पुरुष मंडळींनी थोडं सरकून घ्यावं. हं, असं.

सप्टेंबर २०२३ पासून तुमच्या गावाचं नाव देशभर गेलं. त्याआधी अंबड तालुका म्हटलं की लोकांना मत्स्योदरी देवी आठवायची, आता अंतरवाली सराटी आठवते. ज्या प्रश्नासाठी हे गाव गाजलं, त्यावर मी आज बोलणार नाही. तो माझा अभ्यासाचा विषय नाही, आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा जास्त जाणता. फक्त एक गोष्ट तिथून उचलतो. या गावाने उपोषण जवळून पाहिलं आहे. माणूस उपोषणाला बसला की काय होतं? डॉक्टर येतात, रक्तदाब बघतात, साखर बघतात, वजन करतात. आज प्रकृती कशी आहे, ते संध्याकाळच्या बातमीत येतं. बरोबरच आहे ते. माणूस उपाशी आहे, तर त्याचं शरीर मोजलं पाहिजे.

आता मी माझ्या आईबद्दल सांगतो. आमच्या घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. आधी वडील, मग आम्ही पोरं, मग आजी, आणि उरलं तर ती. भाकरी कमी पडली की म्हणायची, "तुम्ही जेवा, मला भूक न्हाई." मी पंचाहत्तरीला आलो, आणि आता मला खात्री आहे की तिला भूक असायची. ते उपोषणच होतं, पण ते जाहीर केलेलं नव्हतं. तिचा रक्तदाब कोणी मोजला नाही. तिचं वजन मला आजही माहीत नाही.

तर आजचा प्रश्न असा. बाईच्या आणि पुरुषाच्या तब्येतीत फरक असतो. हा फरक आणि देशाची श्रीमंती यांचा संबंध काय? देश श्रीमंत झाला की फरक आपोआप मिटतो का? की फरक मिटवल्याशिवाय देश श्रीमंत होत नाही? मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानाचा माणूस आरोग्यावर कशाला बोलतो, असं वाटेल. त्याला कारण आहे. या बाबतीत आमच्या लोकांनी पुष्कळ घोळ घालून ठेवला आहे. ॲरिस्टॉटल केवढा मोठा माणूस! पण त्याने लिहून ठेवलं की बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात. त्याने लग्न केलं होतं. बायकोला 'तोंड उघड' म्हणून दात मोजता आले असते. त्याने मोजले नाहीत. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार तेवढंच आहे, बघा. आपण मोजलं नाही.

श्रीमंतीच्या पहिल्या पोथीतली बाई

अर्थशास्त्राची पहिली मोठी पोथी म्हणजे ॲडम स्मिथचा राष्ट्रांच्या संपत्तीवरचा ग्रंथ, साल १७७६. त्यात तो जाता जाता सांगतो की स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एखाद्या आईला वीस मुलं होतात आणि त्यातली दोनसुद्धा जगत नाहीत, असं त्याने पुष्कळदा ऐकलं आहे. गरिबी मुलं होऊ देते, पण वाढू देत नाही, हा त्याचा मुद्दा. मुद्दा खरा आहे. पण वीस बाळंतपणं झालेल्या त्या बाईचं स्वतःचं काय झालं असेल, तिचं अंग कसं राहिलं असेल, यावर तो थांबत नाही. त्याचा हिशेब मुलांचा आहे, म्हणजे उद्याच्या मजुरांचा. आई हिशेबात येते ती मजूर पुरवणारी म्हणून.

पुढे विसाव्या शतकात राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवली गेली. त्यात सायमन कुझनेट्स यांचं काम मोठं. घरातलं काम मोजायचं की नाही हा प्रश्न तेव्हा त्यांच्यासमोर होता, आणि ते बाहेर ठेवलं गेलं. म्हणजे खानावळीत भाकरी थापली तर राष्ट्राची संपत्ती वाढते, घरात थापली तर वाढत नाही. आपल्या देशात २०१९ साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास, रोज, बिनपगारी. जे काम हिशेबात नाही, ते करणारं शरीर झिजलं तरी ती झीज हिशेबात कशी येणार?

पैसा आला म्हणजे पुरतं का?

आता लोक म्हणतात, सर, देश श्रीमंत होऊ द्या, सगळं ठीक होईल. यात तथ्य नाही असं नाही. आपल्याकडे १९७०–७५ च्या सुमारास जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षं होतं आणि मुलीचं ४९. जगात बहुतेक ठिकाणी बाई पुरुषापेक्षा जास्त जगते, निसर्गाने तिला तेवढी चिवट केली आहे. आपल्याकडे उलटं होतं. १९८१–८५ च्या सुमारास हा काटा फिरला, बाया किंचित पुढे गेल्या. २०१६–२० मध्ये पुरुषांचं आयुर्मान ६८.६ आणि बायांचं ७१.४ झालं. इंग्लंडमध्येसुद्धा एकोणिसाव्या शतकात वयात येणाऱ्या मुली मुलांपेक्षा जास्त मरत होत्या, विशेषतः क्षयाने. ते पुढे हळूहळू थांबलं. म्हणजे पैसा, अन्न, दवाखाने आले की फरक पडतो.

पण आता आपल्याच महाराष्ट्राचा नकाशा बघा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली किती? गडचिरोलीत ९६१. कोल्हापुरात ८६३. २००१ साली कोल्हापूर ८३९ वर होतं. गडचिरोली म्हणजे जंगल, हिवताप, रस्ते नाहीत. कोल्हापूर म्हणजे ऊस, दूध, सहकार, दारात गाडी. मुलगी कुठे जन्माला येते? गरीब गडचिरोलीत. सोनोग्राफीचं मशीन आधी पैसेवाल्या भागात पोचलं आणि तिथल्या शिकल्यासवरल्या, 'लहान कुटुंब' मानणाऱ्या घरांनी ते वापरलं. १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, हे आपल्याला भूषण आहे. पण पहिला कायदा करावा लागला, यातच दुखणं किती होतं ते कळतं.

कोणी म्हणेल, मग बीड कुठे श्रीमंत आहे? तिथे तर २०११ ला ८०७ होतं, राज्यात सगळ्यात खाली. अगदी बरोबर. याचा अर्थ असा की श्रीमंती हे कारण नाही आणि गरिबी हेही कारण नाही. घरातली मुलगी खर्चाच्या रकान्यात मांडली जाते की माणसाच्या, यावर हे ठरतं. पैसा फक्त त्या निर्णयाला हत्यार पुरवतो. केरळचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीखाली असताना तिथल्या बाया देशात सगळ्यात जास्त जगत होत्या. मुली शाळेत गेल्या होत्या, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता.

आता मी तुम्हाला तीन हजेरीपटांची गोष्ट सांगतो. इतिहास म्हणून सांगतो, पण तिसरा हजेरीपट तुमच्या ओळखीचा आहे.

पहिला हजेरीपट : मुंबईची गिरणी

शंभर वर्षांपूर्वी मुंबई हे हिंदुस्थानातल्या सगळ्यात पैसेवाल्या शहरांपैकी एक होतं. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी अफाट नफा कमावला. गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बाया होत्या, कोकणातून, घाटावरून आलेल्या. आणि याच शहरात १९२१ साली नोंदलेला बालमृत्यूदर हजारी साडेसहाशेच्या वर होता. काही जन्मांची नोंदच व्हायची नाही, म्हणून हा आकडा फुगलेला असेल. तो निम्मा धरला तरी अंगावर काटा येतो. बाई दिवस भरेपर्यंत साच्यावर उभी राहायची आणि बाळंत झाली की काही दिवसांत परत यायची, कारण खाडा पडला तर पगार नाही. तान्हं पोर रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देऊन खोलीत निजवायची. १९२२ साली डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरबाईंनी या गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करून सरकारला अहवाल दिला.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. गिरणीमालक म्हणाले, हा खर्च उद्योगाला परवडणार नाही. त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उठले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. लोककल्याणाचा हा खर्च सरकारनेही उचलायला हवा, पण बाईच्या श्रमातून मालकाचा फायदा होतो, म्हणून मालकाने वाटा दिला तर त्यात अन्याय नाही. मंडळी, बाईचं आरोग्य आणि राष्ट्राची भरभराट यांचा संबंध आज जगभरच्या परिषदांत सांगतात. तो आपल्या मराठी मुलखात १९२८ साली कायदेमंडळात मांडला गेला होता. १९२९ साली कायदा झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला.

पण गोष्ट इथे संपत नाही. रजा द्यावी लागते म्हटल्यावर काही मालकांना बाई ठेवणंच नको झालं. रात्रपाळीची बंदी आधीपासून होती, नवी यंत्रं आली, आणि पुढच्या दशकांत गिरणीतल्या बायांचं प्रमाण घटत गेलं. खर्च एकट्या मालकावर टाकला की तो बाईला टाळतो. बाळंतपण हे राष्ट्राचं काम असेल तर त्याचा खर्च सगळ्या राष्ट्राने वाटून घ्यावा लागतो. बाबासाहेबांच्या बोलण्यातला सरकारने भार उचलण्याचा भाग आपण सोयीस्करपणे विसरलो.

त्याच काळात रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते, १९२१ पासून. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते. वर्षाआड बाळंतपणाने बाई खंगून जाते, हे ते ओरडून सांगत होते. त्यांना आपण काय दिलं? खटले. आणि ऐन विशी-बाविशीत गेलेली आनंदीबाई जोशी आठवा. चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलं, त्या दुःखातून डॉक्टर व्हायचं ठरवलं, १८८६ साली अमेरिकेत पदवी घेतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेली. बायांना डॉक्टर मिळावी म्हणून निघालेली बाई स्वतःच वाचली नाही.

दुसरा हजेरीपट : बहात्तरचा दुष्काळ

इथल्या म्हाताऱ्या माणसांना बहात्तर सांगायला नको. मी तेव्हा कॉलेजात होतो. सुट्टीत घरी आलो तर घर बंद. आई खडीवर गेली होती. मी तिकडे गेलो. उन्हात शे-दोनशे माणसं, त्यात बायाच जास्त दिसल्या. घण मारायचा, खडी फोडायची, पाटीने वाहायची. पगार मोजमापावर. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. हे काम नसतं तर माणसं किडामुंगीसारखी मेली असती. जुन्या दुष्काळात, छप्पनच्या दुष्काळात तशी मेलीच होती. बहात्तरला मेली नाहीत, हे या राज्याचं मोठं यश आहे. त्यातूनच रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. बाईपुरुषाला सारखी मजुरी आणि कामावर पाळणाघर, हे त्यात आलं. पाझर तलाव, रस्ते, बांध उभे राहिले. महाराष्ट्राच्या पुढच्या श्रीमंतीच्या पायात ती खडी आहे.

पण तिथेही हजेरीपटात एकच रकाना होता : हजर किंवा गैरहजर. पोटुशी बाई पाटी उचलते आहे, अंगावरून जातं आहे, पाठ धरली आहे, याला रकाना नव्हता. कामावर सुकडी मिळायची. माझी आई ती पदरात बांधून घरी आणायची, माझ्या धाकट्या भावासाठी. सरकारने बाईला खाऊ घातलं, आणि बाईने ते मुलाला घातलं. योजना आखणाऱ्याला हे दिसत नाही.

तिसरा हजेरीपट : कोयता

जायकवाडीचं पाणी आलं, गोदाकाठी ऊस आला, साखर आली. आणि दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे बीडमधून, आपल्या जालन्यातूनही, हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. तुम्हाला माहीत आहे, मुकादम माणूस मोजत नाही, कोयता मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. एक जण आजारी पडला तर खाडा, आणि खाड्याचा दंड. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी करते, फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. आणि मग कोणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.

२०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, तुलना जपून करायची. पण फरक किती मोठा आहे ते दिसतंच. पिशवी गेली म्हणजे कटकट मिटत नाही. कमी वयात हे ऑपरेशन झालं, त्यात अंडाशयही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगाची लाही होते. मग तीच बाई चाळिशीत फडावर उभी राहू शकत नाही आणि उचल फिटत नाही.

लक्षात घ्या. १९२८ ची गिरणीतली बाई आणि २०१९ ची फडातली बाई, दोघींना एकाच शब्दाची भीती आहे : खाडा. मधे नव्वद वर्षं गेली. देश स्वतंत्र झाला, राज्य झालं, महाराष्ट्र देशातलं सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थेचं राज्य झालं. २०१७ पासून कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. चांगलं झालं. पण ती ऑफिसातल्या, कारखान्यातल्या बाईला. कोयत्याला रजा कोण देणार?

बाईचा रक्तक्षय घरात थांबत नाही

पुरुष मंडळींनी इकडे लक्ष द्यावं, कारण हे तुमच्याबद्दल आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. पुरुषांत २५ टक्के. महाराष्ट्रात बाया ५४ टक्के. आणि त्याआधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा वाढला आहे, उत्पन्न वाढत असताना वाढला आहे. रक्तात लोह कमी असलं की श्रम होत नाहीत. इंडोनेशियात रबराच्या मळ्यांत १९७० च्या दशकात मजुरांना लोहाच्या गोळ्या दिल्या, तर रक्तक्षय असलेल्यांचं काम वाढलं. देशाच्या अर्ध्याहून जास्त बाया जर अर्ध्या ताकदीवर राबत असतील, तर देशाची गाडी कोणत्या गियरमध्ये आहे?

पण याहून खोल गोष्ट पुण्याजवळच्या खेड्यांत दिसली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्पटनचं बाळ ३.५ किलो. आपलं बाळ लहान, काटकुळं; पण त्या मानाने अंगात चरबी मात्र टिकून. असं बाळ पुढे मोठं झालं, शहरात गेलं, खुर्चीत बसलं की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे आईच्या ताटात जे पडलं नाही, ते चाळीस वर्षांनी मुलाच्या रक्तातल्या साखरेत दिसतं. आई शेवटी जेवली म्हणून मुलगा वाचला, असं आपण समजत होतो. मुलानेही त्याची किंमत मोजली. मी स्वतः वीस वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेतो आहे.

पुरुषही मरतात

एक बाजू सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. आरोग्यातला फरक म्हणजे नेहमी बाईचंच नुकसान असं नाही. सोव्हिएत संघ मोडल्यावर १९९४ साली रशियात पुरुषांचं आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली गेलं आणि बायांचं ७१ राहिलं. तेरा वर्षांचा फरक! कामं गेली, दारू वाढली, हृदय बंद पडलं. आपल्या मराठवाड्यात कर्ज आणि नापिकी यांच्या ओझ्याखाली जीव देणारे बहुतेक पुरुष आहेत. दारू, तंबाखू, मोटारसायकलचे अपघात, यातही पुरुषच. 'मी कर्ता आहे, मी रडणार नाही, डॉक्टरकडे जाणार नाही' हे आपण मुलग्यांना शिकवतो आणि ते त्यात मरतात. मागे राहते ती बाई, कर्ज घेऊन, सातबाऱ्यावर नाव नसताना. बाईला 'सोस' म्हणून शिकवलं आणि पुरुषाला 'दाखवू नको' म्हणून. दोन्ही शिकवण्या एकाच शाळेतल्या.

राष्ट्रासाठी की तिच्यासाठी?

आता माझ्या विषयावर येतो. मी इतका वेळ तुम्हाला काय सांगितलं? बाई निरोगी तर मूल निरोगी, मूल निरोगी तर राष्ट्र श्रीमंत. हा युक्तिवाद खरा आहे, उपयोगी आहे. मंत्र्याला, सावकाराला, सासऱ्याला पटतो. बाबासाहेबांनीही कायदेमंडळात तोच वापरला, कारण समोर कोण बसलंय ते त्यांना माहीत होतं. पण तो एकटा पुरत नाही. जिची मुलं झाली, जिचं वय झालं, जी वांझ म्हणून हिणवली गेली, जी कमवत नाही, तिच्या तब्येतीचा राष्ट्राला काय फायदा? फायदा नसेल तर तिच्यावर खर्च करायचा नाही का?

कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ सांगून गेला की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, माणूस स्वतःच साध्य आहे. माझा डॉक्टरेटचा प्रबंध यावरच आहे. तो लिहायला मला चार वर्षं लागली. हस्तलिखिताची स्वच्छ प्रत माझ्या पत्नीने रात्री जागून केली, घर आणि दोन लेकरं सांभाळून. त्या काळात ती मधूनमधून म्हणायची, जिना चढताना दम लागतो. मी म्हणायचो, सवय कर. एक दिवस ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. डॉक्टरांनी मला विचारलं, "प्रोफेसर, किती दिवसांपासून असं आहे?" मला उत्तर देता आलं नाही. माणूस हे साध्य आहे, यावर चारशे पानं मी तिच्याकडून लिहून घेतली होती. ॲरिस्टॉटलला मी हसलो, पण दात मीही मोजले नव्हते. ती आज बरी आहे, म्हणून हे सांगायला धीर होतो.

मग करायचं काय?

होतं, मंडळी, करता येतं. मातामृत्यूचा आकडा बघा. महाराष्ट्रात २००१–०३ मध्ये लाख बाळंतपणांमागे १४९ आया मरत होत्या, २०१८–२० मध्ये ३३. याच समाजात, याच गावांत हे घडलं. आशाताई घरोघरी गेल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, गाडी मिळू लागली.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यातलं जामखेड घ्या. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य तिथे आलं. त्यांनी गावातल्या बायांनाच आरोग्याचं काम शिकवलं. कित्येक निरक्षर, कित्येक दलित, परित्यक्ता. ज्या बाईला विहिरीवर चढू देत नव्हते, तीच पाटलाच्या सुनेचं बाळंतपण करू लागली. तिथून जगाने धडे घेतले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायांना तपासलं. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याआधी काय समज होता? की खेड्यातल्या बायांना असलं काही नसतं, असतं तर त्या बोलल्या असत्या. कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं मागणं लहान आहे. पहिलं, ऊसतोडीला निघायच्या आधी गावात एक दिवस प्रत्येक बाईचं रक्त तपासलं जावं, आणि परत आल्यावर पुन्हा. हिमोग्लोबिनचा आकडा तिच्या हातात कागदावर असावा. ग्रामसभेत ठराव करा, आरोग्य उपकेंद्राला कळवा. दुसरं, पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर सरकारी दवाखान्यात दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. बीडमध्ये त्या चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली, ती उगाच नाही. तिसरं, आज रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. भाकरी आधी मोजून वाटा, मग खा. याला सरकारी निधी लागत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक तरुण श्रोता : सर, उचल घेतली नाही तर घर चालत नाही. बाईला घरी ठेवलं तर कोयता अर्धा होतो. तुमचं म्हणणं ऐकायला बरं आहे.*

बाळा, तुझं म्हणणं खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. मी तिला घरी ठेव म्हणत नाही. घरी ठेवून मुंबईच्या गिरणीत काय झालं ते सांगितलं, बाईचं काम गेलं, मान गेला. मी म्हणतो, तिच्या आजारपणाचा खाडा तू एकट्याने भरू नकोस. तो साखरेच्या किमतीत बसला पाहिजे. गोडवा सगळ्या देशाने खाल्ला आहे. यासाठी तुला एकट्याला नाही, सगळ्या कोयत्यांना मिळून मागावं लागेल. मागायचं कसं, हे या गावाला मी शिकवायची गरज नाही.

*एक आजी : गुरुजी, आम्ही एवढी वर्षं शेवटीच जेवलो. काय झालं आम्हाला? बसलोच ना तुमच्यासमोर.*

आजी, तुम्ही बसलात, हा तुमचा चिवटपणा. तुमच्याबरोबरीच्या किती जणी आज इथे नाहीत, तेवढ्या मोजून सांगा. ... (आजी बोटं मोजतात.) ... हं. आजी, तुम्ही आत्ता जे बोटांवर मोजलंत, ते आमच्या एकाही वहीत नव्हतं. आज घरी गेल्यावर सुनेला तुमच्या शेजारी बसवा.